वास्तुछायाचित्रणातील यथादर्शन-शुद्धी

इमारतीचे छायाचित्र घेताना कॅमेरा वर किंवा खाली कललेला असल्यास चित्रात उभ्या समांतर रेषा एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. हा झुकाव टाळण्यासाठी किंवा मागाहून दूर करण्यासाठी योजण्यात येणाऱ्या उपायांना यथादर्शन-शुद्धी असे म्हणतात. उंच इमारत अरुंद रस्त्यावरून टिपताना विस्तृतकोनी भिंग वापरावे लागते व कॅमेरा वर वळवावा लागतो. अशा चित्रात इमारत मागे रेलल्यासारखी व माथ्याकडे निमुळती होत गेल्यासारखी दिसते. स्मारकांचे अभिलेखन, जीर्णोद्धाराची कामे, वास्तुशिल्पज्ञांची सादरीकरणे व मोजणीसाठी घेतलेली छायाचित्रे यांत हा दोष विशेष बाधक ठरतो. कारण अशा चित्रावरून भिंतीची उभी रेषा, खिडक्यांची प्रमाणे व मजल्यांच्या उंची यांविषयी काढलेले निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात.

भूमितीय उपपत्ती : सरळरेषी भिंगाने मिळणारी प्रतिमा हे एका बिंदूतून सपाट पृष्ठावर केलेले प्रक्षेपण असते. इटालियन वास्तुशिल्पज्ञ लेओन बात्तीस्ता आल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात चित्राला खिडकीची उपमा देऊन या प्रक्षेपणाचे नियम मांडले. छायाचित्र याच नियमांनी तयार होते. प्रतिमापृष्ठाला समांतर असलेल्या सर्व समांतर रेषा चित्रातही समांतरच राहतात, तर त्याला समांतर नसलेल्या समांतर रेषा चित्रात एका लोपबिंदूकडे जातात. फिल्म किंवा संवेदक काटेकोरपणे उभा असेल, तर इमारतीच्या सर्व उभ्या कडा समांतर उमटतात. कॅमेरा थोडाही वर कलला की, उभ्या कडा व प्रतिमापृष्ठ यांची समांतरता नाहीशी होते व कडांना चित्राच्या वरच्या बाजूस लोपबिंदू प्राप्त होतो. कॅमेरा खाली कलल्यास हा लोपबिंदू खालच्या बाजूस येतो व इमारत पायाकडे निमुळती दिसते.

झुकाव भिंगामुळे उत्पन्न होतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु ती बरोबर नाही. एकाच जागेवरून व एकाच कलाने घेतलेल्या चित्रांत एखाद्या भागाची निमुळती होण्याची प्रमाणे भिंग कोणतेही असले, तरी तीच राहतात. दीर्घ केंद्रांतराच्या भिंगाने त्या दृश्याचा लहान भाग मोठा होऊन दिसतो, एवढाच फरक पडतो. विस्तृतकोनी भिंगाचा दोषाशी असलेला संबंध अप्रत्यक्ष आहे. असे भिंग हाती असल्यामुळे छायाचित्रकार इमारतीच्या जवळ उभा राहू शकतो, जवळ गेल्यामुळे माथा दिसण्यासाठी कॅमेरा अधिक कलवावा लागतो व अधिक कलामुळे झुकाव वाढतो.

पुढील उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. ३० मी. उंच व १५ मी. रुंद अशी सपाट दर्शनी भिंतीची इमारत २० मी. अंतरावरून, जमिनीपासून १·५ मी. उंचीवर धरलेल्या कॅमेऱ्याने टिपावयाची आहे. या ठिकाणाहून इमारतीचा माथा क्षितिजाच्या वर सुमारे ५५ अंशांवर व पाया क्षितिजाच्या खाली सुमारे ४ अंशांवर दिसतो. संपूर्ण इमारत चौकटीच्या मध्यावर आणण्यासाठी कॅमेरा सुमारे २५ अंश वर कलवावा लागतो. २४ × ३६ मिमी. चौकट उभी धरून २४ मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने घेतलेल्या या चित्रात माथ्याची रुंदी पायाच्या रुंदीच्या केवळ ५८ टक्के भरते. तीच इमारत ६० मी. अंतरावरून ५० मिमी. भिंगाने टिपल्यास कल सुमारे १२ अंश पुरतो व माथ्याची रुंदी पायाच्या सुमारे ९० टक्के राहते. दोन्ही चित्रांतील फरक मुख्यतः अंतराचा व त्यामुळे आलेल्या कलाचा आहे.

डोळ्यांनी पाहताना मात्र हा झुकाव सहसा जाणवत नाही. डोळ्याच्या दृष्टिपटलावरील प्रतिमेतही उभ्या रेषा जवळ येतात. परंतु मान वर केल्याची जाणीव, शरीराचा तोल व भिंती उभ्या असतात हा पूर्वानुभव यांच्या साहाय्याने मेंदू त्यांना उभ्या मानतो. छायाचित्र हातात धरून समोर पाहिले जाते, तेव्हा मान वर केल्याची जाणीव नसते व चित्राची चौकट काटकोनी असते. त्यामुळे डोळ्यांनी दुर्लक्षिलेला झुकाव कागदावर ठळकपणे दिसू लागतो.

इतर विकृतींपासून वेगळेपणा : यथादर्शनातील झुकाव व भिंगाचे विरूपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. विरूपणात सरळ रेषा वक्र होतात. रेषा बाहेरच्या बाजूस फुगल्यास त्यास पिंपाकार, तर आतल्या बाजूस दबल्यास उशीच्या आकाराचे विरूपण म्हणतात. मध्यावरील द्वारकाच्या दोन्ही बाजूंस सारखे घटक मांडलेल्या सममित भिंगात हे विरूपण जवळजवळ नाहीसे होते. १८६६ मध्ये श्टाइनहाइल यांचे ‘ॲप्लनॅट’ व डॅलमायर यांचे ‘रॅपिड रेक्टिलिनियर’ ही अशा रचनेची भिंगे पुढे आली व वास्तुछायाचित्रणात ती दीर्घकाळ वापरात राहिली. एकभिंगी परावर्तक कॅमेऱ्यात आरशासाठी भिंग व फिल्म यांत जागा सोडावी लागत असल्याने विस्तृतकोनी भिंगाची रचना असममित करावी लागते. परिणामी अशा भिंगात काहीसे पिंपाकार विरूपण उरण्याचा संभव असतो. झुकावात रेषा सरळच राहतात, केवळ त्यांची दिशा बदलते.

तिसरा प्रकार कडेच्या ताणाचा आहे. सरळरेषी भिंगात अक्षापासून θ कोनावर असलेल्या वस्तूची प्रतिमा मध्यापासून f tan θ इतक्या अंतरावर पडते (येथे f हे केंद्रांतर होय). प्रतिमापृष्ठाला समांतर असलेल्या सपाट भिंतीच्या बाबतीत यामुळे कोणतीच विकृती होत नाही; खिडकी कडेला असो वा मध्ये, तिचा आकार सारखाच उमटतो. परंतु गोल, स्तंभ, घुमट, माणसे यांसारख्या घन वस्तू कडेकडे ताणल्या जातात. लहान गोलाची प्रतिमा मध्याच्या दिशेने १/cos θ या प्रमाणात लांबट होते. २४ मिमी. भिंगाच्या चौकटीत लांब बाजूच्या टोकाशी θ सुमारे ३७ अंश असतो व गोल १·२५ पट लांबट दिसतो. गोल स्तंभांची ओळ समोरून रेखाटल्यास बाहेरचे स्तंभ मधल्यांपेक्षा रुंद येतात, ही गोष्ट लिओनार्दो दा व्हींची यांच्याही ध्यानात आली होती. चित्र योग्य अंतरावरून, म्हणजे केंद्रांतर व विवर्धन यांच्या गुणाकाराइतक्या अंतरावरून एका डोळ्याने पाहिल्यास हा ताण लोप पावतो. २४ मिमी. भिंगाच्या दहापट मोठ्या केलेल्या चित्रासाठी हे अंतर अवघे २४ सेंमी. येते. प्रत्यक्षात असे चित्र याहून दूर धरून पाहिले जात असल्याने ताण नजरेत भरतो.

ऐतिहासिक आढावा : छायाचित्रणाच्या प्रारंभापासून इमारत हा त्याचा आवडता विषय राहिला आहे; कारण ती स्थिर असल्याने दीर्घ उद्‌भासन-काल चालत असे. फ्रान्सच्या ऐतिहासिक स्मारक आयोगाने १८५१ मध्ये बाल्द्यू, बायार, ल ग्रे, ल सेक व मेस्त्राल या पाच छायाचित्रकारांकडे देशातील स्मारकांच्या नोंदणीचे काम सोपविले. भारतात रॉबर्ट गिल यांनी अजिंठा, वेरूळ इ. ठिकाणच्या लेण्यांची छायाचित्रे घेतली व ती जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातील स्मारकांची घेतलेली छायाचित्रे लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ग्रंथात समाविष्ट आहेत. एकोणिसाव्या शतकातील भात्याच्या कॅमेऱ्यांत भिंगाची फळी वर-खाली सरकविण्याची सोय सामान्यपणे असे. त्यामुळे त्या काळातील अनेक वास्तुचित्रांत उभ्या रेषा समांतर आढळतात.

छायाचित्रावरून इमारतीची मापे काढण्याच्या पद्धतीचा उगम एका अपघाताच्या प्रसंगातून झाला. १८५८ मध्ये जर्मन वास्तुशिल्पज्ञ आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हे वेट्सलार येथील कॅथीड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचले. भिंतीवर चढून मापे घेण्याऐवजी ती छायाचित्रावरून काढता येतील, असा विचार त्यांनी त्यानंतर मांडला व १८६७ मध्ये या पद्धतीस ‘फोटोग्रॅमेट्री’ (छायाचित्रमिती) हे नाव दिले. त्यांच्या कॅमेऱ्यात काचपट्टी उभीच राहील अशी योजना होती. कारण प्रतिमापृष्ठ उभे असल्यास गणित सोपे होते. १८८५ मध्ये बर्लिन येथे त्यांच्या नेतृत्वाखाली या कामासाठी प्रशियन सरकारची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिने काचपट्ट्यांचा मोठा संग्रह केला व दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालेल्या काही वास्तूंच्या पुनर्बांधणीत त्याचा उपयोग झाला. उभ्या रेषा उभ्या ठेवण्याची दक्षता केवळ शोभेची बाब नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

१९०० मध्ये गर्त्स कंपनीचे ‘हायपरगॉन’ हे सुमारे १३५ अंश कोनाचे सममित भिंग तयार झाले. कडेला प्रकाश फारच कमी पोहोचत असल्याने त्याच्यापुढे हवेच्या झोताने फिरणारे ताऱ्याच्या आकाराचे चक्र बसवून मधला प्रकाश अडवीत असत. कललेल्या पृष्ठांच्या केंद्रीकरणाचा नियम फ्रेंच अभियंते झ्यूल कार्पांत्ये यांच्या १९०१ मधील व ऑस्ट्रियन सैन्याधिकारी टेओडोर शाइमफ्लुख यांच्या १९०४ मधील एकस्वांत आढळतो. शाइमफ्लुख यांना हवाई छायाचित्रांतील कल दूर करावयाचा होता. ३५ मिमी. फिल्मच्या एकभिंगी परावर्तक कॅमेऱ्यासाठी सरकते भिंग प्रथम निकॉन कंपनीने १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ३५ मिमी. केंद्रांतरात काढले. सरकणे व कलणे या दोन्ही हालचाली असलेले भिंग कॅनन कंपनीने १९७३ मध्ये बाजारात आणले. त्याच कंपनीचे १७ मिमी. केंद्रांतराचे असे भिंग २००९ मध्ये निघाले.

चित्रणसमयीच्या शुद्धीच्या पद्धती : (१) जागेची निवड : सर्वांत साधा उपाय म्हणजे कॅमेरा सरळ धरून मागे सरणे. वरील उदाहरणात कॅमेरा क्षितिजसमांतर ठेवून २४ मिमी. भिंगाने इमारतीचा माथा चौकटीत येण्यासाठी ३८ मी. मागे जावे लागते. त्या वेळी चौकटीचा जवळजवळ संपूर्ण खालचा अर्धा भाग रस्त्याने व्यापला जातो. तो कापून टाकावा लागत असल्याने फिल्मचा निम्मा भाग वाया जातो. मुंबईतील राजाबाई मनोऱ्यासमोर (उंची सु. ८५ मी.; पूर्ण १८७८) ओव्हल मैदानाची मोकळी जागा असल्याने हा उपाय शक्य होतो; दाट वस्तीतील गल्लीत तो बहुधा अशक्य असतो.

(२) उंचीवरून चित्रण : कॅमेरा इमारतीच्या निम्म्या उंचीवर नेल्यास कलाची गरजच राहत नाही. वरील इमारत समोरच्या घराच्या १५ मी. उंचीवरील गच्चीतून २० मी. अंतरावर टिपल्यास २४ मिमी. भिंगाच्या चौकटीत ती पायापासून माथ्यापर्यंत नेमकी मावते. जर्मन छायाचित्रकार बेर्न्ट व हिला बेखर यांनी १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरील मनोरे इ. औद्योगिक बांधकामांची चित्रे घेताना शिडी, मचाण किंवा शेजारची उंच जागा यांचा असाच आश्रय घेतला. अलीकडे हे काम ड्रोनने करता येते. मात्र त्यासाठी उड्डाणविषयक नियम व संरक्षित स्मारकांच्या परिसरातील परवानगी यांचे बंधन असते.

(३) भात्याचा कॅमेरा : या कॅमेऱ्यात भिंगाची पुढील फळी व फिल्मची मागील फळी स्वतंत्रपणे हलविता येतात. मागील फळी पाणसळीने उभी करून भिंगाची फळी वर सरकविली की, मागील पृष्ठ उभेच राहून दृश्याचा वरचा भाग चौकटीत येतो. भिंगाने पाडलेल्या वर्तुळाकार प्रतिमेचा मधला भाग न घेता बाजूचा भाग घेणे, असे या क्रियेचे स्वरूप आहे. त्यासाठी भिंगाचे प्रतिमावर्तुळ फिल्मच्या कर्णापेक्षा पुरेसे मोठे असावे लागते. फळी पुरेशी वर सरकत नसल्यास संपूर्ण कॅमेरा वर कलवून नंतर पुढील व मागील अशा दोन्ही फळ्या पुन्हा उभ्या करतात. परिणाम तोच होतो. विस्तृतकोनी भिंगाबरोबर घड्यांचा भाता दाबला जाऊन हालचालीस अडथळा येतो, म्हणून त्याऐवजी पिशवीसारखा मऊ भाता बसवितात. दुधी काचेवर प्रतिमा उलटी दिसत असली, तरी तीवर आखलेल्या चौकटीमुळे उभ्या रेषा तपासणे सोपे जाते.

(४) सरकते भिंग : लहान कॅमेऱ्यासाठी हीच सोय भिंगाच्या नळीत केलेली असते. भिंग सामान्यतः ११ ते १२ मिमी. पर्यंत सरकते. वरील इमारतीसाठी २४ मिमी. भिंग १२ मिमी. वर सरकविले असता अक्षाच्या एका बाजूस १८ ऐवजी ३० मिमी. जागा मिळते; त्यामुळे ३८ मी. ऐवजी सुमारे २३ मी. अंतर पुरते. २० मी. अंतरावर मात्र सुमारे १६ मिमी. सरकविणे आवश्यक असल्याने हे भिंग तेथे अपुरे पडते. अशा वेळी अधिक लहान केंद्रांतराचे भिंग वापरणे किंवा काही कल स्वीकारून तो मागाहून दुरुस्त करणे, असे दोन मार्ग उरतात.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो : प्रथम यथादर्शन ठरविणारी जागा निवडून तिपाई रोवतात. कॅमेरा दोन्ही दिशांना पाणसळीने समपातळीत आणतात. एक अंशाची चूकही कडेच्या रेषांवरून लक्षात येते. अनेक कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक भिंग सरकविल्यावर चुकीचे मापन देतात, म्हणून उद्‌भासन आधीच ठरवितात. त्यानंतर भिंग सरकवून चौकट निश्चित करतात, केंद्रीकरण करतात व प्रतिमावर्तुळाच्या कडेची स्पष्टता वाढावी म्हणून द्वारक एफ/८ ते एफ/१६ पर्यंत लहान करतात.

सरकविण्याची किंमत : ही पद्धत पूर्णपणे निर्दोष नाही. सरकविलेल्या चौकटीचे टोक अक्षापासून फार दूर गेलेले असते. २४ मिमी. भिंगात ३० मिमी. अंतरावरील बिंदू अक्षाशी सुमारे ५१ अंशांचा कोन करतो. तेथे गोलाकार वस्तू १·६ पट लांबट होते. म्हणून सपाट दर्शनी भिंत अचूक उमटत असतानाच तिच्यावरचा घुमट अंड्यासारखा उंच दिसू शकतो. प्रतिमेची प्रदीप्ती सैद्धांतिक दृष्ट्या cos⁴ θ या प्रमाणात घटत असल्याने टोकाला ती मध्याच्या सुमारे १५ टक्केच राहते. असममित रचनेच्या भिंगांत ही घट बरीच कमी असते, तरी वरचे आकाश गडद होणे टळत नाही.

मुद्रणसमयीची शुद्धी : फिल्मवर उतरलेला झुकाव अंधारखोलीत काही प्रमाणात काढता येतो. विवर्धकाखालील कागदाचा फलक असा कलवितात की, प्रतिमेतील निमुळती बाजू भिंगापासून दूर जाऊन अधिक मोठी होते. फलक कलल्यामुळे संपूर्ण कागदावर प्रतिमा एकाच वेळी स्पष्ट होत नाही. त्यावर उपाय म्हणून व्यस्त प्रतही उलट दिशेने कलवितात. व्यस्त प्रतीचे पृष्ठ, भिंगाचे पृष्ठ व कागदाचे पृष्ठ ही तिन्ही वाढविली असता एकाच रेषेत मिळाली की, प्रतिमा सर्वत्र स्पष्ट होते. हाच शाइमफ्लुख यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम होय. व्यस्त प्रत कलविण्याची सोय नसल्यास भिंगाचे द्वारक लहान करून काम भागवितात. दूर गेलेल्या भागावर प्रकाश कमी पडत असल्याने तेवढ्या भागास जादा उद्‌भासन द्यावे लागते.

अंकीय शुद्धी : अंकीय छायाचित्रात प्रत्येक बिंदूचे स्थान गणिताने बदलता येते. एका सपाट पृष्ठाचे दुसऱ्यावर प्रक्षेपण करणारे रूपांतर चार बिंदूंच्या जोड्यांवरून पूर्णपणे निश्चित होते. म्हणून चित्रातील एखाद्या आयताकृती खिडकीचे चार कोपरे दाखवून देताच संगणक संपूर्ण दर्शनी भिंत सरळ करू शकतो. पुष्कळ आज्ञावल्या उभ्या रेषा आपोआप शोधून हे काम करतात व मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यांतही ही सोय आढळते. मात्र पुढील गोष्टींकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.

पहिली गोष्ट प्रमाणांची. केवळ वरचा भाग रुंद करून कडा समांतर केल्यास इमारत बुटकी होते. वरील उदाहरणातील इमारतीची उंची रुंदीच्या दुप्पट आहे. परंतु कललेल्या चित्रात तिची उंची पायाच्या रुंदीच्या १·३ पटच येते. नुसता माथा पायाइतका रुंद केल्यास हेच चुकीचे प्रमाण कायम राहते. म्हणून वरचा भाग त्याच वेळी उंचीतही ताणला गेला पाहिजे. योग्य ताण काढण्यासाठी केंद्रांतर व कल किंवा इमारतीचे एखादे ज्ञात प्रमाण माहीत असावे लागते.

दुसरी गोष्ट तपशिलाची. उदाहरणातील इमारतीचा माथा पायाच्या तुलनेत आडव्या दिशेने १·७ पट व उभ्या दिशेने सुमारे ३ पट ताणावा लागतो. म्हणजे मूळच्या एका बिंदूच्या जागी सुमारे पाच बिंदू भरावे लागतात. ते शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरलेले असतात. त्यामुळे शिखरावरील कोरीवकाम किंवा कंगोऱ्यांतील भेग यांसारखा बारीक तपशील पाहण्यासाठी असे चित्र सरकत्या भिंगाने घेतलेल्या चित्राची बरोबरी करू शकत नाही. सरळ केल्यावर चित्राची चौकट समलंब होते व कडा कापाव्या लागतात. म्हणून चित्रण करतानाच भोवती मोकळी जागा सोडणे हिताचे असते.

तिसरी गोष्ट क्रमाची. भिंगाचे पिंपाकार विरूपण आधी व झुकाव नंतर दुरुस्त करावा लागतो, कारण विरूपण भिंगाच्या अक्षाभोवती सममित असते. सरकत्या भिंगाने घेतलेल्या चित्रात हा अक्ष चौकटीच्या मध्यावर नसल्याने विरूपणाचे केंद्रही तितकेच सरकवून धरावे लागते.

शुद्धीपलीकडचा भाग मात्र कोणत्याही गणिताने परत मिळत नाही. चित्रण ज्या जागेवरून झाले, तेथून सज्जाने झाकलेला तपशील दुरुस्त चित्रातही झाकलेलाच राहतो व सज्जाची खालची बाजू दिसतच राहते. यथादर्शन ठरते ते जागेवरून. शुद्धीने केवळ प्रतिमापृष्ठाचा कल बदलतो.

उभी रेषा कोणती मानावी : ज्या वास्तूंत मुळातच निमुळतेपणा आहे, तेथे शुद्धी विशेष काळजीने करावी लागते. महाराष्ट्रातील गडकोटांचे अनेक बुरूज पायाशी रुंद व वर निमुळते बांधलेले आहेत. मंदिरांची शिखरे वर जाताना आत येतात. आपोआप काम करणारी आज्ञावली अशा कडांना उभ्या समजल्यास बांधकामातील खरा उतार चित्रातून पुसला जातो. पीसा येथील मनोरा सुमारे ४ अंश कलला आहे. त्याच्या कडा प्रमाण मानल्यास मनोरा सरळ होऊन शेजारचे कॅथीड्रल वाकडे होईल. म्हणून अभिलेखनाच्या कामात चित्रात सोडलेला ओळंबा किंवा पाणसळीने लावलेली मोजपट्टी यांवरून उभी रेषा ठरविणे श्रेयस्कर असते.

वेरूळचे कैलास लेणे हे या संदर्भात बोधप्रद उदाहरण आहे. राष्ट्रकूट राजवटीत आठव्या शतकात एकाच कातळातून वरून खाली कोरलेले हे सुमारे ३० मी. उंचीचे मंदिर तिन्ही बाजूंनी खडकाच्या उंच भिंतींनी वेढलेले आहे. अंगणात मागे सरण्यास वाव थोडा असल्याने तेथून घेतलेल्या चित्रात कल अपरिहार्य ठरतो व त्यामुळे आलेला झुकाव शिखराच्या मूळ निमुळतेपणात मिसळतो. भोवतालच्या कड्यावरून खाली पाहून घेतलेल्या चित्रात उलट मंदिर पायाकडे निमुळते होते व त्याचा वर जाणारा आकार कमी भासतो. दोन्ही चित्रांत खडकाच्या भिंती काटेकोर उभ्या मानता येत नाहीत. त्यामुळे उभ्या दिशेसाठी बाहेरून आणलेला ओळंबाच विश्वसनीय ठरतो.

मर्यादा व उपयोग : पूर्ण शुद्धी सर्वच चित्रांना मानवते असे नाही. मान बरीच वर करून पाहाव्या लागणाऱ्या इमारतीच्या चित्रात कडा काटेकोर समांतर केल्यास पाहणाऱ्यास माथा जड व पुढे कलल्यासारखा भासतो. कारण अशा दृश्यात थोडा निमुळतेपणा अपेक्षित असतो. म्हणून प्रकाशनासाठीच्या चित्रांत किंचित झुकाव मुद्दाम शिल्लक ठेवण्याची प्रथा आहे. मोजणीच्या व जीर्णोद्धाराच्या कामात मात्र ही सवलत घेता येत नाही.

झुकाव हा कलात्मक साधन म्हणूनही योजला जातो. रशियन कलावंत अलिक्सांद्र रोदचेन्को यांनी १९२५ मध्ये मॉस्कोतील एका निवासी इमारतीचे सज्जे तळातून जवळजवळ सरळ वर पाहून टिपले व नेहमीच्या समोरच्या दृष्टीला आव्हान दिले. तेथे झुकाव हाच चित्राचा विषय होता. झुकाव दोष ठरतो तो चित्राचा हेतू इमारतीचे यथातथ्य रूप दाखविण्याचा असतो तेव्हा. त्यामुळे अभिलेखासाठी घेतलेल्या चित्राबरोबर कॅमेऱ्याची जागा, उंची, केंद्रांतर व नंतर केलेली शुद्धी यांची नोंद ठेवणे आवश्यक असते. अशी नोंद असल्यास दुरुस्त चित्रावरूनही मूळ दृश्य पुन्हा सिद्ध करता येते व पुढील काळात वास्तूत झालेला बदल हा खरा बदल आहे की चित्राचा दोष, याचा निर्णय करता येतो.